बोडी क्रमांक चौदा

इकराने चमच्याच्या टोकाने ट्रेमधला गाळ उजवीकडे सारला.

नवी मच्छरदाणी पहिल्या रात्री तोंडाला चरचरते.

राजुऱ्याहून अब्बांचा फोन: "बेटा, किडे मोजून झाले असतील तर घरी ये."

गोगलगायींना सहसा कशाचे काही होत नाही.

धुण्याच्या साबणाची एक वडी काटकसरीने वापरली तर आठवडाभर पुरते.

तिने गाळ पुन्हा डावीकडे सारला. गोगलगायी अकरा, लाल अळ्या बऱ्याच, मेफ्लायची पिल्ले शून्य.

तांदळाच्या कणीएवढी, तीन शेपट्यांची ही पिल्ले. पाण्यात फवारणीचे औषध उतरले की सगळ्यांत आधी हीच मरतात, म्हणून तर ती तीन वर्षे यांनाच मोजत होती. धानोरा तालुक्यातल्या चौदा बोड्या, म्हणजे लहान तळी, तिने निवडल्या होत्या. तेरा बोड्यांच्या वरच्या अंगाला फवारणीचे धान होते. चौदावी ही, जंगलाच्या पोटातली, अठ्ठावीस घरांच्या टोल्याची, लहानशा वस्तीची. इथे कोणी फवारत नव्हते. या बोडीशी ताडून पाहिल्यावरच बाकीच्या तेरांचे काय बिघडले ते सांगता येणार होते. ही गेली की तीन वर्षांचे आकडे नुसतेच आकडे.

जुलैत पिल्ले निम्मी झाली होती. सप्टेंबरात चार. आज एकही नाही.

नागपूरच्या प्रयोगशाळेचा कागद खिशात होता: पाण्यात कीटकनाशकाचा अंश. खोडकिड्यासाठी दुकानात मिळते त्याच जातीचे औषध. वरच्या अंगाला शेत एकच होते, जंगूचे.

०

फॉर्ममधला रकाना: *कीटकनाशकाचा संभाव्य स्रोत.*
पेन्सिलने: *लगतचे शेत (संशय).*

०

जंगू बांधावर बसून विळ्याला धार लावत होता. एरवी तो लांबूनच हात जोडून जोहार घालायचा. कालपासून घालत नव्हता, कारण काल तिने त्याला दोनदा विचारले होते.

"भाऊ, राग मानू नका. खोडकिडा दिसला असेल, थोडंसं फवारलं असेल. चालते. मला फक्त खरं पाहिजे."

"नाई फवारलो."

"कोणाचा पंप मागून आणला असेल—"

जंगूने विळा खाली ठेवला. अंगठ्याने पाते पुसले.

"बाई, तुमी तिसऱ्यांदा विचारून राह्यल्या. म्हंजे माहं पहिलं नाई तुमाले पोचलंच नाई."

तिने खिशातला कागद काढला आणि वाऱ्यात धरून उभी राहिली. त्याला तो वाचता येणार नाही हे तिला ठाऊक होते, त्यालाही. त्याने कागदाकडे पाहिलेसुद्धा नाही. विळा उचलून तो धानात उतरला.

०

प्रबंधाचे मार्गदर्शक फोनवर म्हणाले, "वगळ ती बोडी. दुसरी शोध."

ही शोधायलाच एक वर्ष गेले होते, हे ते विसरले होते.

०

परतताना ती बोडीच्या पलीकडच्या घाटाने आली. नमुने घ्यायला ती नेहमी पहाटे, मोहाच्या झाडाकडून यायची. उन्हं वर आल्यावर या बाजूला कोण येते ते तिने कधी पाहिले नव्हते.

जंगूची बायको मंगली गुडघाभर पाण्यात उभी होती. दगडावर निळे काहीतरी आपटत होती. शेजारी आणखी दोघी. काठावरच्या झुडपांवर निळ्या मच्छरदाण्या वाळत पसरल्या होत्या, दहा-बारा तरी.

"आल्या का किड्यावाल्या बाई," मंगली म्हणाली. "आमी पकडलं तर रांधून खातो. तुमी पकडता, मोजता अन् बाटलीत भरता. तुमचं पोट कशानं भरते?"

शेजारच्या दोघी हसल्या. इकरा हसली नाही. ती दगडावरून घरंगळणाऱ्या फेसाकडे पाहत होती. फेस पाण्यावर पसरत होता, मोहाच्या झाडाकडे, ती जाळी टाकायची त्या कोपऱ्याकडे.

"या किती दिवसांनी धुता?"

"दर इतवारी. आशाताई बोलली, साफ ठेवा. पहिल्या रात्री तर आमच्या समद्यांच्या तोंडाची आग झाली. काय तं दवाई असते म्हने त्यात. मंग चांगल्या घासून काढल्या. तवापासून धुतोच." तिने मच्छरदाणी पिळली. "तुमीच त आनल्या, बाई. खराब कशा ठेवाच्या?"

इकरा काठावर बसली. जूनमध्ये ती स्वतः आरोग्य केंद्रात तीन वेळा जाऊन बसली होती. या टोल्याचे नाव यादीत शेवटी आहे, वर घ्या, म्हणून. मच्छरदाण्या आल्या तेव्हा आशा कार्यकर्त्या वच्छलाबाईंबरोबर तिनेच घरोघर वाटल्या होत्या. अठ्ठावीस घरे, एकावन्न मच्छरदाण्या. धाग्यात औषध मुरवलेले असते हे तिला पाठ होते. कोणते, तेही.

तिने बूट काढले. पाण्यात उतरून मच्छरदाणीचे दुसरे टोक धरले.

"अवं, राहू द्या, मी करतो," मंगली म्हणाली.

"इथं नको, मंगलीबाई. पाळीच्या पलीकडं नेऊ. पाणी मी भरून आणते."

मंगलीने तिच्या तोंडाकडे पाहिले. मग काही न विचारता टोपली उचलली. बोडीच्या मातीच्या पाळीपलीकडच्या कोरड्या खड्ड्यापर्यंत इकराने बादलीच्या चौदा खेपा केल्या. दोघी हसणाऱ्या बायाही नंतर आपापले पाण्याचे गुंडे घेऊन आल्या.

०

ती पुन्हा बांधावर गेली तेव्हा जंगू पेंढी बांधत होता. ती थांबली. त्याने गाठ मारून घेतली.

"भाऊ, तुम्ही फवारलं नाही."

"मी तेच सांगतलो."

"औषध मच्छरदाण्यांतलं आहे. धुताना बोडीत उतरलं. आणि त्या मी आणल्या."

जंगूने दुसरी पेंढी जवळ ओढली. 

"मंग आता काढून टाकाच्या काय?"

"नाही." तिला वाटले होते त्याहून लवकर ती बोलली. "लावायच्या. सगळ्यांनी. फक्त बोडीत धुवायच्या नाहीत."

"अन् तुमचे ते तीन शेपट्यावाले?"

"आता नाहीत. परत येतील. दोन-तीन पावसाळे जातील त्याला."

"मंग या ना दोन-तीन पावसाळे," जंगू म्हणाला. "कोन अडवून राह्यलं?"

तिच्या शिष्यवृत्तीचे पाच महिने उरले होते. ते तिने सांगितले नाही. कालचे आणि आजचे तीन प्रश्न तिला परत घ्यायचे होते. त्यासाठीचे शब्द जुळवेपर्यंत जंगूने पेंढी बांधून तिच्या पायाशी ठेवली.

"बसा. चिखल हाये तिथी."

ती पेंढीवर बसली.

०

*कीटकनाशकाचा संभाव्य स्रोत.*
पेन्सिलची ओळ खोडलेली. खाली पेनाने: *मच्छरदाण्या, एकावन्न. संशोधकाच्या विनंतीवरून वाटलेल्या. लगतच्या शेतात फवारणी नाही. शेतकऱ्याने हे तिन्ही वेळा सांगितले होते.*

०

आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात, नाल्याला छातीभर पाणी असताना, मलेरियाने शुद्ध हरपलेल्या इकराला जंगूने पाठीवर बांधून पलीकडे, आरोग्य केंद्रापर्यंत नेले होते.