मूठभर कोंड्याचा मुलगा

शिरोको सुटला की बाल्लारोचा बाजार अर्धवट झोपेत जातो. आफ्रिकेकडची पिवळी धूळ घेऊन तो गरम वारा समुद्र ओलांडतो आणि सिसिलीतल्या पालेर्मोच्या गल्ल्यांत दुपारभर नुसता भटकत राहतो. मग कुणाचं कुणाकडे लक्ष नसतं. मासळीवाला माशांवर ओलं गोणपाट टाकून पेंगतो, तमिळ वाणी वेलुप्पिळ्ळैच्या दुकानातल्या शेवग्याच्या शेंगा माना टाकतात, आणि दुकानात स्वतः वेलुप्पिळ्ळै आहे की त्याचा सदरा खुर्चीवर टाकलाय, हेसुद्धा नीट कळत नाही.

अशाच एका मंगळवारी दुपारी योगमलर कागदी पिशवीत कोंडा घेऊन समोरच्या बिऱ्हाडाच्या दारात उभी राहिली. तिच्या घरात ट्रंका बांधून तयार होत्या. गुरुवारी ती, तिचा नवरा आणि मुलगा निरोजन कायमचे इंग्लंडला निघणार होते. त्याआधी तिला आपला मुलगा परत विकत घ्यायचा होता.

हो, विकलाच होता तिनं. तेवीस वर्षांपूर्वी, याच दारात.

आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तिसरा निरोजन अकराव्या दिवशी तापानं फणफणला, तेव्हा योगमनं तेच केलं जे तिकडे श्रीलंकेत, जाफन्यात तिच्या आईनं केलं असतं. पोर उचललं आणि शेजारणीला विकून टाकलं. किंमत मूठभर कोंडा. पोर आईच्या नावावर उरलंच नाही, तर यम कुणाच्या दारात हुडकणार? शेजारीण होती पिना, गल्लीत सगळे तिला मानानं दोन्ना पिना म्हणत. नवऱ्याची बेकरी, त्यामुळे घरात कोंड्याला तोटा नाही, आणि पोटी मूल नाही. बाळंतीण भ्रमिष्ट झाली असं तिला वाटलं, पण तिनं कोंडा दिला आणि पोर पदरात घेतलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि पोर योगमच्या घरी आलं, नावानं मात्र पिनाचंच राहिलं.

असं विकलेलं पोर जावळाआधी परत घ्यायचं असतं. ज्या बाईनं विकत घेतलं ती आपला कोंडा परत घेते आणि तीनदा म्हणते, हा माझा नाही, की झालं. पण योगमचा धीर होईना. पिनाचा आहे तोवर सुखरूप आहे, उगाच कशाला यमाला पत्ता द्यायचा? आता घेऊ, मग घेऊ करता करता पोराला दाढी आली. मात्र परक्याच्या नावावरच्या पोरानं समुद्र ओलांडू नये, ओलांडला तर तो पोचत नाही, हे तिच्या मनात लहानपणापासून घट्ट बसलेलं. आता काय करणार?

दार उघडंच होतं. आत खिडक्यांच्या झडपा मिटलेल्या, त्यामुळे खोलीत तळ्याच्या तळासारखा हिरवा उजेड. एक्याऐंशी वर्षांची पिना पंखा हलवत बसली होती.

"ये गं योगा. कॉफी टाकू?"

"नको, दोन्ना." योगमनं पिशवी टेबलावर ठेवली. "निरोजनला घ्यायला आलेय."

पिनानं पिशवीत डोकावून पाहिलं. लगेच ओळखलं तिनं. म्हातारी काही विसरली नव्हती.

"विकायचा नाही," ती म्हणाली.

"असं कसं? नियम आहे तो."

"तुझा नियम. माझ्याकडे विकाऊ काही नाही. जा, रात्रीला भरताचं वांगं आणलंयस का बघ, पोराला आवडतं."

योगमचं डोकंच फिरलं. "मूठभर कोंडा दिलात हो तुम्ही! नऊ महिने पोटात मी वागवला!"

"वागवलास ना? आणि विकलास. मी नाही विकला कधी."

हे वर्मी लागलं. योगम दाराशी खाली बसली. दाराबाहेर जिन्यात पिवळी धूळ तरंगत होती, आणि तिथं पायऱ्यांवर तिची आधीची, पाळण्यात गेलेली दोघं बसली होती. शिरोकोत ती नेहमीच दिसतात तिला. मोठी झालीयत आता, पोरीची वेणी गुडघ्यापर्यंत आलीय. दोघं काही मागत नाहीत, नुसती बघतात. त्यांच्या मागे जाफन्याची विहीर होती आणि विहिरीवरचा रहाट आपोआप फिरत होता. योगमनं डोळे चोळले नाहीत. चोळले की जातात.

त्यांच्यामधून वाट काढत निरोजन वर आला. हातात दोरीचं बंडल, घामानं चिंब. दोघींची तोंडं बघूनच त्याला सगळं समजलं.

"मम्मा पिना, बोलून टाक ना एकदाचं. अम्मा आठ दिवस झोपली नाहीये. आणि एवढ्याशा कोंड्यात कोंबडीसुद्धा येत नाही, तुला मी मिळालो होतो!"

"गप रे गाढवा," पिना म्हणाली. मग योगमकडे वळून हळूच विचारलं, "नाहीच बोलले, तर काय होईल गं?"

"मला भीती वाटते, दोन्ना. दोन गेलीत माझी."

"ठाऊक आहे. दुसऱ्या बाळाची शवपेटी मीच नव्हती का धरली हातात? तुला तर उभंही राहवत नव्हतं."

वाऱ्यानं झडपा खडखडल्या. पिना उठली. एक मूठ कोंडा घेऊन तिनं एप्रनच्या खिशात टाकला. निरोजनला समोर गुडघ्यांवर बसवलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"हा माझा नाही."

योगमनं हात जोडले.

"हा माझा नाही," पिना दुसऱ्यांदा म्हणाली. आवाज चिरकला.

तिसऱ्यांदा तिनं तोंड उघडलं, पण शब्द येईना. पोराच्या केसांत तिची बोटं रुतली होती, नखं पांढरी पडेपर्यंत. एवढं एकच वाक्य, आणि मुलगा योगमचा, पूर्ण, नखशिखान्त. याच वाक्यासाठी योगमनं आठ रात्री जागून काढल्या होत्या. ती जीव मुठीत धरून वाट बघत राहिली. पिनाचे ओठ पुन्हा हलले. "हा..."

योगम झटक्यात पुढं झाली आणि तिनं म्हातारीच्या तोंडावर आपला हात ठेवला.

"पुरे. नका बोलू."

पिनानं तो हात बाजूला केला. "तिसरं राहिलं ना गं."

"राहू दे. तेवढा तो तुमचाच."

"वेडी आहेस का? आणि तुझा तो यम?"

"बघेन मी त्याच्याकडे."

निरोजन मान खाली घालून बसला होता. त्याचे खांदे हलत होते, आणि दोघींनीही ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. पिनानं नाक पुसलं.

"मग नाताळात हा कुणाकडे येणार?" तिनं विचारलं.

"आईकडे," योगम पिनाकडे बघत म्हणाली. शब्द तिनं मागे घेतला नाही.