तबकडीमागचा आकडा

"अहो, बाहेर या आता. गाडी बघायला आलाय, बाळंतपण करायला नाही," सिस्टर म्हणाल्या.

काटेमास्तरांचे फक्त पाय बाहेर होते. बाकीचा देह स्टिअरिंगखाली आडवा, मान पेडलांपाशी, तोंडात टॉर्च. आतून "हं हं" एवढंच ऐकू आलं. चौतीस वर्षांच्या संसारात सिस्टर एक गोष्ट शिकल्या होत्या. या माणसाचं "हं हं" म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही, फक्त तुम्ही बोलत राहा.

छत्तीस वर्षं गाड्यांचे वेगाचे काटे दुरुस्त केलेल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? काटेमास्तर. आणि बायको सरकारी इस्पितळातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी गल्लीत कुणाला शिंक आली की "सिस्टर" म्हणून दाराशी हजर. मास्तरसुद्धा घाबरले की सिस्टरच म्हणायचे.

गाडी मात्र होती देखणी. गडद निळी, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकेल की काय इतकी बुटकी, वरचं कापडी छप्पर मागे दुमडणारी. निवृत्त झालेल्या भूगोलाच्या एका बाईंच्या घरामागे, पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी होती. बाईंचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. गाडी त्यांची. मीटरवर आकडा होता एक लाख सदतीस हजार किलोमीटर.

त्या आकड्यावरून सकाळी घरात रण माजलं होतं. "माणूस एवढा चालला असता तर दोन्ही गुडघे बदलावे लागले असते," सिस्टर म्हणाल्या होत्या. "आणि नातवंडं तीन आहेत आपल्याला. त्यांना काय टपावर बसवणार? तेही कापडाचं."

"हौसेला मोल नसतं गं."

"मोल नसतं, पण बिल येतं. ते कोण भरणार?"

जगाच्या गाड्यांचा वेग मास्तरांनी दुरुस्त केला होता, आणि स्वतः आयुष्यभर एक स्कूटर चालवली होती. दुकानाची जागा सोडल्याचे पैसे हातात आले आणि एकसष्टाव्या वर्षी या माणसाला एकच गोष्ट हवीशी वाटू लागली. एकदा तरी, स्वतःच्या गाडीत बसून, स्वतःच्या पायाने जोरात जायचं. इतकं हवंसं वाटायचं की झोपेत उजवा पाय हलायचा. ते सिस्टरांनी पाहिलं होतं, म्हणून तर त्या सोबत आल्या होत्या. आल्या मात्र होत्या सौदा मोडायला.

"काटा मध्येच अडकतो," असं बाईंनी आल्याआल्याच सांगितलं होतं. मग मास्तर गप्प बसतात होय? त्यांनी मागची तार सोडवली, स्क्रू काढले, सीटवर बसून मीटर मांडीवर घेतला. काटा काढला, पांढरी तबकडी अलगद उचलली आणि सवयीने उलटी करून पाहिली.

तबकडीच्या मागे पेन्सिलीने एक आकडा लिहिला होता. एक लाख त्रेसष्ट हजार चारशे. खालून पाय मोडलेला चार.

मास्तरांनी टॉर्चचा उजेड जवळ नेला. असा लंगडा चार जगात एकच माणूस काढत होता.

आता हे सांगितलंच पाहिजे. जुन्या गाड्यांचे दलाल त्या काळी मीटर मास्तरांकडे आणून देत. वर्तमानपत्रात गुंडाळलेले, नुसते मीटर. गाडी दिसायची नाही, मालक दिसायचा नाही, घेणारा तर नाहीच नाही. मास्तर आतली आकड्यांची चाकं मागे फिरवायचे आणि दीड लाख चाललेली गाडी पन्नास हजारांची तरुण व्हायची. ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली ते शिकले, त्याने एक नियम घालून दिला होता. बाहेर लबाडी केलीस तरी आत, तबकडीमागे, खरा आकडा लिहायचा. कुठेतरी खरं असलं पाहिजे. मास्तरांनी तो नियम कधी मोडला नाही, आणि त्या बळावर त्यांना झोपही चांगली लागायची. पुढे बटणाचे, आत चाकंच नसलेले नवे मीटर आले, हे काम संपलं. मास्तर म्हणत, मी सोडलं. सिस्टर म्हणत, "करून करून भागले आणि देवपूजेला लागले."

"काय झालं?" सिस्टरांनी दारातून वाकून विचारलं. बाई चहा ठेवायला आत गेल्या होत्या.

मास्तरांनी तबकडी दाखवली. सिस्टरांनी चष्मा वर सरकवून पाहिलं. चौतीस वर्षं किराणाच्या याद्यांवर त्यांनी तो लंगडा चार पाहिला होता. त्यांनी शांतपणे चष्मा परत खाली घेतला.

मास्तरांचं डोकं मात्र भराभर चालायला लागलं. सांगितलं, तर गाडीचा भाव पडणार. म्हणजे आधी लबाडीचे पैसे आपण घेतले आणि आता खरेपणाचा फायदाही आपणच घ्यायचा! न सांगितलं, तर बाईंना बरी किंमत मिळणार, गाडीही आपल्याला मिळणार. मग गप्प बसणं हेच पुण्याचं काम नाही का? गप्प बसायला माणसाला कारण लागतंच, आणि हे तर चांगलं धुतलेलं, इस्त्री केलेलं कारण होतं.

"मी गप्प बसतो. तिचंच भलं आहे त्यात," ते कुजबुजले.

"तोंड तुमचं आहे. मी उघडणार नाही आणि बंदही करणार नाही," सिस्टर म्हणाल्या आणि चहाला निघून गेल्या.

स्वयंपाकघराला लागून जेवणाचं टेबल होतं, भिंतीवर जगाचा मोठा नकाशा. मास्तर मीटर कापडात गुंडाळून घेऊन आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

"सापडला का दोष?" बाईंनी विचारलं.

"हो... म्हणजे तेलपाणी करावं लागेल."

"तुम्हाला खरं सांगते," बाई कप पुढे सरकवत म्हणाल्या, "नंतर तुम्ही म्हणाल बाईंनी लपवलं. इंजिन एकदा पूर्ण उघडलंय. यांनी घेतली तेव्हा अठ्ठेचाळीस हजारच चालली होती हो. नव्यासारखी. सगळ्यांना सांगत सुटले होते. आणि चार वर्षांत इंजिन बसलं. मेकॅनिक तोंडावर म्हणाला, नव्वद हजारांत हे इंजिन बसत नाही साहेब, चालवणाऱ्याने मारलंय."

मास्तरांनी कप उचलला आणि परत ठेवला.

"यांनी ते मनाला लावून घेतलं. औषधांचं दुकान होतं यांचं, थेंबाथेंबाने मोजणारा माणूस. कुणी आपल्याला निष्काळजी म्हणावं हे सहनच होईना. इंजिन नवं बांधून घेतलं आणि त्यानंतर गाडी पन्नासच्या वर कधी नेली नाही. मागून ट्रकवाले हॉर्न मारायचे, हे तसेच. आणि मी काही कमी नव्हते. नळ गळाला, मिक्सर जळला, की मी म्हणायचे, तुमच्या हाताला काही टिकतच नाही. गाडीचं काय केलंत, विसरलात का? चेष्टेतच म्हणायचे मी. शेवटी शेवटी हे आपणच म्हणायला लागले. इस्पितळात हाताची सुई सारखी निघायची, तर नर्सला म्हणाले, तुमची चूक नाही, माझ्या हाताला टिकत नाही काही."

मास्तरांना वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. आतापर्यंत त्यांच्या पापाला चेहरा नव्हता. नुसते मीटर होते. आता त्याला एक औषधवाला माणूस मिळाला, सुई लावलेला हात मिळाला. इस्त्री केलेलं कारण कुठल्या कुठे गेलं. त्यांनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर नकाशा पाहत होत्या.

"बाई," मास्तर म्हणाले. त्यांनी घसा खाकरला. "तुमच्या यजमानांनी गाडी मारली नाही."

"म्हणजे?"

मास्तरांनी कापड उघडलं आणि तबकडी उलटी करून टेबलावर ठेवली. "गाडी त्यांच्याकडे आली तेव्हा एवढी चालली होती. मीटर मागे घेतला होता."

बाईंनी आकडा वाचला. मग बोटाने टेबलावर बेरीज केली, हातचा घेऊन, शाळेत शिकवतात तशी. "म्हणजे इंजिन बसलं तेव्हा..."

"दोन लाख पाच हजार. तिथं कुठलंही इंजिन थकतं. चालवणाऱ्याचा काही दोष नाही. कुठल्याही मेकॅनिकला विचारा."

"आणि हे अक्षर कुणाचं, ते तुम्हाला ठाऊक आहे?"

"माझं आहे."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. वर्गात चोरी कबूल करणाऱ्या मुलाकडे पाहावं, तसं. मग त्या उठून आत गेल्या. आत नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरू राहिला.

"चला, जाऊ," मास्तर उठत म्हणाले.

"बसा खाली. पळून जायला आपण अजून गाडी घेतलेली नाही," सिस्टर म्हणाल्या. पण कप त्यांनी नवऱ्याच्या हातात दिला, आणि हात जरा वेळ त्याच्या मनगटावर तसाच ठेवला.

बाई परत आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं, डोळे लाल होते. "मी त्यांना नऊ वर्षं बोलले," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं. आणि ते ऐकून घेत होते."

मास्तर तबकडीच्या कडेची धूळ बोटाने पुसत राहिले.

"तुम्हाला काय मिळालं होतं याचं?"

"एका शर्टाचं कापड आलं असतं, एवढं."

"आणलंत?"

"आठवत नाही बाई. खरंच आठवत नाही."

हे ऐकून बाईंना काय वाटलं कोण जाणे. त्या रागावल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. पण त्यांनी खुर्ची ओढली, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "आकडा खरा करा. आत्ता. माझ्यासमोर."

मास्तरांनी खिशातून हत्यारं काढली. छत्तीस वर्षांत किती मीटर मागे घेतले, गणती नाही. पुढे एकही नेला नव्हता. बोटं अडखळत होती. बाई एकेक आकडा वाचत होत्या आणि मास्तर एकेक चाक जागेवर आणत होते. दोन लाख बावन्न हजार चारशे. तबकडी बसवायच्या आधी बाईंनी ती मागून पुन्हा एकदा पाहिली. पेन्सिलीचा आकडा मास्तरांना पुसायचा होता, बाईंनी पुसू दिला नाही.

"आता किंमत कमी करा," त्या म्हणाल्या.

"नाही. ठरली तीच देणार."

"खोट्या आकड्याची किंमत मी खऱ्या आकड्यावर घेऊ? मग तुमच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?"

"बाई, तुम्ही ऐकून घ्या," मास्तर म्हणाले, आणि आता पहिल्यांदाच त्यांचा आवाज कारागिराचा झाला. "मघाशी आपण गाडी सुरू केली. एका हाकेला उठली. कुठे खडखड नाही, धूर नाही. का? इंजिन बांधल्यावर ती फक्त सत्तेचाळीस हजार चाललीय, आणि तीही पन्नासच्या वेगाने. असं इंजिन मला बाजारात शोधून मिळणार नाही. त्यांनी हिला जपलंय. त्यांच्या हाताला ही टिकलीय, बाई. मी पैसे आकड्याचे देत नाही, त्या हाताचे देतोय."

बाईंनी पदर तोंडाला लावला. यावेळी त्या आत गेल्या नाहीत, तिथेच बसून रडल्या. सिस्टर उठून त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

थोड्या वेळाने सिस्टरच म्हणाल्या, "घ्या गाडी."

मास्तर बघतच राहिले. "तू तर मोडायला आली होतीस."

"आले होते. तेव्हा ती एक लाख सदतीस हजारांची होती. संशयच होता मला. आता अडीच लाखांची आहे, आता हरकत नाही. वॉर्डात पाहिलेत मी असे म्हातारे. केसपेपर जाडजूड असतो आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून फिरत असतात." मग म्हणाल्या, "नातवंडांना एकेक करून फिरवा. भांडणं तरी होणार नाहीत."

कागदपत्रांना आठ दिवस लागले. गाडी न्यायला दोघं आले तेव्हा स्वच्छ ऊन पडलं होतं. बाईंनी गाडी स्वतः पुसून ठेवली होती, छप्पर मागे दुमडलेलं होतं. दर रविवारी त्या गाडी सुरू करून पाच मिनिटं आत बसायच्या आणि बंद करायच्या. या रविवारी त्यांना आत बसायला जमलं नाही, असं त्यांनी सिस्टरांना सांगितलं. पण झोप चांगली लागली होती म्हणे, आठही दिवस.

मास्तरांनी किल्ली फिरवली. इंजिन उठलं. बाईंच्या देखत मोठा आवाज करायला त्यांना धीर होईना. मयताला चालल्यासारखी हळूहळू त्यांनी गाडी फाटकाबाहेर काढली आणि तशीच हळू रस्त्याला लावली.

"थांबा," बाई मागून आल्या. मास्तरांनी घाबरून ब्रेक दाबला.

बाईंनी दारावर हात ठेवला. "अशी नका नेऊ. हे अशीच न्यायचे, माझ्या बोलण्याने. हिला काही होत नाही हे आता कळलंय ना आपल्याला? मग जोरात न्या. मला इथपर्यंत ऐकू आलं पाहिजे."

मास्तरांनी सिस्टरांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? रस्ता बघा," सिस्टर म्हणाल्या आणि डोक्यावरचा रुमाल हनुवटीखाली घट्ट बांधला.

मास्तरांनी पाय दाबला. गाडीने क्षणभर विचार केला आणि मग अशी सुटली, की दोघांच्या पाठी सीटला चिकटल्या. समोरचा रस्ता लांबपर्यंत मोकळा होता. वळण येण्याआधी मास्तरांनी एकदा आरशात पाहिलं. बाई फाटकाला धरून रस्त्यावरच उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटले होते, आणि मान जरा तिरपी करून त्या ऐकत होत्या.