पुलाच्या तिसऱ्या खांबावरची रेघ

लाल रंगाचा अर्धा डबा. मागितला होता एक.

हेडमास्तर मुकुंदराव शाळेची किल्ली जानव्याला बांधत, आणि लेखी हुकमाशिवाय गाठ सोडत नसत.

कातडं भिजलं की डफ वाजत नाही. फदफदतो.

मंत्र्यांची मोटार जायची होती म्हणून पुलाला चुना, खांबांनासुद्धा.

'पायथ्यापासून सात फूट.' फाइल, पान चौदा.

तुळजाबाईनं मागाच्या खड्ड्यात पाय सोडले आणि लगेच वर घेतले.

या सगळ्यांचं एकमेकांशी नातं आहे हे कृष्णकांतला कळलं ते १९५३ सालच्या भाद्रपदात, एका बुधवारी, सकाळी अकराच्या सुमारास. साडेदहाला तो पुलाच्या कठड्यावरून ओणवून खाली बघत होता, तोवर काहीच कळलेलं नव्हतं. तीन दिवस पाऊस लागून होता. नाग नदी एरवी ओढ्याएवढी, म्हशी बसायच्या तिच्यात. आज ती खांबांना धरून चढत होती. तिसऱ्या खांबावर लाल रेघ होती. पाणी तिच्या दोन हात खाली होतं.

कृष्णकांत वॉर्ड कचेरीतला कारकून. दर वैशाखात 'पूर बंदोबस्त' नावाचा कागद तोच लिहायचा. म्हणजे गेल्या सालचा समोर ठेवायचा आणि साल बदलायचं. पाणी लाल रेघेला लागलं की नोंदवहीत वेळ टाकायची. वेळ टाकली की बाबूलालनं डफ वाजवत दवंडी द्यायची. दवंडी झाली की मुकुंदरावांना चिठ्ठी, आणि चिठ्ठी मिळाली की नदीकाठच्या कोष्ट्यांच्या बत्तीस घरांना शाळा उघडी. कागदावर सगळं पंगतीसारखं ओळीनं बसलेलं. डफ कातड्याचा असतो आणि पूर पावसात येतो, हे एकवीस वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याच्याही नाही.

"बाबूजी," बाबूलाल म्हणाला. डोक्यावर पोतं, पोत्याखाली डफ. त्यानं काडी मारून दाखवली. फद्द. "येचा तं जीव गेला."

"शेकून घे कुठेतरी."

"कुठी शेकू? साऱ्यायच्या चुली ओल्या."

"तुळजाबाईकडे खळ शिजत असेल सुताची. चल, मलाही जायचंच आहे."

तुळजाबाईचं घर ओळीतलं पहिलं, उतारावरचं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. माग तीच चालवायची आणि ओळही जवळजवळ तीच चालवायची. आत खरोखरच चुलीवर खळ रटरटत होती. बाबूलाल न विचारता चुलीपाशी बसला आणि डफ तव्यासारखा आचेवर फिरवू लागला. मागावर अर्धं विणलेलं जांभळं लुगडं ताणलेलं होतं. तुळजाबाई खड्ड्याच्या काठावर पाय जवळ घेऊन बसली होती.

"या भाऊ. पाय धुवाचं काम नाही, धुतलेलेच दिसून राहिले तुमचे."

"तुळजाबाई, पाणी अजून रेघेखाली आहे. दोन हात. तरी तयारीत राहा, एवढंच सांगायला आलो."

"रेघ राहू द्या. इकडे या. इथं हात घाला."

कृष्णकांतनं बाही वर केली आणि खड्ड्यात हात घातला. पायानं दाबायच्या पावड्या पाण्याखाली गेल्या होत्या. कोपरापर्यंत पाणी, थंडगार आणि स्वच्छ. नदीचं गढूळ पाणी नव्हतं ते. जमिनीखालून आलं होतं.

"पहाटपासून झिरपून राहिलं. दोनदा उपसलं. माह्या सासूच्या टाइमालेही असंच. खड्डा भरला का दोन-तीन घंट्यांत नदी दारात."

"मग निघत काहून नाही?" त्याच्या तोंडून घरचं बोलणं निसटलं.

"कुठी निघू?" तिनं पदरानं पावलं पुसली. "दोन सालाआधी निघालो होतो न. तुमचा डफ नाही वाजला म्हून तुमच्या मास्तरनं कुलूप नाही काढलं. दिवसभर भिजत उभे, लेकरंबाळं घेऊन. नदी उंबऱ्यापर्यंत आली अन् परतली. बाजूच्या चंपतरावच्या बुढ्याले मात्र ताप भरला, पोळा नाही पाहला त्यानं. तवापासून डफ वाजल्याबिगर ओळीतलं कोणी उठत नाही. मी बी कोणाले उठ म्हणत नाही."

कृष्णकांतनं हात पुसला नाही. बोटांवरून पाणी ठिबकत राहिलं. उंबऱ्यापर्यंत आली होती. आणि त्या दिवशी आपण वहीत लिहिलं होतं, 'पाणी रेघेच्या बरेच खाली, सबब दवंडी नाही.'

"बाबूलाल."

"जी."

"तीन सालांमागं, चुन्यानंतर, त्या अर्ध्या डब्यातून ती रेघ पुन्हा मारली, तेव्हा सात फुटांची फीत कुठं टेकवली होतीस?"

"खाली."

"खाली म्हणजे?"

"खाली म्हंजे मी उभा होतो तिथं. गाळात." बाबूलाल डफ फिरवत राहिला. "पायथ्याचा दगड तं दिसतच नव्हता बाबूजी. कमरेएवढा गाळ. तुम्हीच वरतून इचारलं, बराबर हाय का. मी म्हणलं, बराबर हाय."

विचारलं होतं खरं. पुलावरून, छत्री धरून. त्या दिवशी धोतर कोरं होतं आणि उतारावर चिखल होता.

विचारायला कचेरीत साहेबही नव्हते, ते सचिवालयात गेले होते. पुढच्या वर्षीच्या पूर बंदोबस्ताची बैठक होती.

कृष्णकांतनं मेणकापडातून नोंदवही काढली. टेकवायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तुळजाबाईच्या मागाच्या कडेला ठेवली. दौतीत टाक बुडवला. '११.१०. पाणी लाल रेघेस लागले.' खाली सही. छपरातून एक थेंब पडला आणि शेवटच्या अक्षराचा निळा डाग झाला.

"काय लिवलं गा?" तुळजाबाईनं विचारलं.

"लागलं म्हणून."

"अन् लागलं काय?"

त्यानं वही मिटली. "बाबूलाल, वाजव."

शेकलेला डफ पहिल्याच काडीला कडकडला. बाबूलालचा चेहरा उजळला. तो वाजवत दारातून बाहेर पडला. पावसात डफ पाच-सहा घरांपर्यंतच टिकला, मग पुन्हा फदफदला. तेवढा पुरला. पुढच्या घरांना मागच्यांनी हाका मारल्या.

तुळजाबाई उठली नव्हती. तिनं मागाच्या दांडीला हात लावून कपाळाला नेला, कोनाड्यातून कात्री घेतली आणि ताणा कापायला बसली. सूत कापताना आवाज असा होत नाही. कृष्णकांतला तो ऐकू आला.

"जितं लुगडं कापाले लावलं तुम्ही," ती म्हणाली. "माह्या सासूनं बी नसतं कापलं."

"तुमची सासू काय करायची मग?"

"लुगडं पुरं करे," ती म्हणाली. "अन् मंग वाहून गेली."

मुकुंदरावांनी चिठ्ठी दोनदा वाचली, वेळ आपल्या घड्याळाशी पडताळली आणि जानव्याची गाठ सोडली. दीड वाजता नदी ओळीत शिरली. पहिल्या घरांमध्ये मांडीएवढं पाणी झालं. दोनच्या सुमारास कृष्णकांत एकटाच पुलावर गेला, कठड्यावरून ओणवून खाली पाहिलं आणि परत आला. शाळेत एकशे एक्क्याऐंशी माणसं मोजली गेली. तेवढीच मोजायची होती. नऊ घरांच्या भिंती बसल्या. माग गाळात गेले. माणूस एकही गेलं नाही.

दिवाळी झाली. एका सकाळी साहेबांनी त्याला आत बोलावलं आणि बसायला सांगितलं. आजवर असं कधी झालं नव्हतं.

"कृष्णकांतराव, वरून शाबासकीचं पत्र आलंय. दवंडी ते वस्तीत पाणी, मध्ये दोन तास वीस मिनिटं. त्यांचं म्हणणं असा नेमका बंदोबस्त प्रांतात कुठं नाही. आता ती रंगाची रेघ नको म्हणतात. दर दोन-चार वर्षांनी कोणी चुना फासतो. सिमेंटात लोखंडी पट्टी बसवायची, कायमची. बाकीच्या चार पुलांवरही याच मापानं. एवढा दाखला तुमच्या सहीनं हवा, की रेघेची उंची अनुभवाने बरोबर ठरली."

"साहेब, रेघ जरा वर आहे."

"म्हणजे?"

"मापताना गाळ होता. पायथ्याच्या बराच वर."

साहेब हसले. त्यांना तो विनय वाटला. "वर असती तर पाणी लागलं कसं? तुमचीच नोंद आहे की. अकरा दहा." त्यांनी कागद पुढं सरकवला. "पेन्शनीला दीड वर्ष ना तुमच्या? असा एखादा कागद असलेला बरा. उद्या गवंडी येतोय."

कागद घडी घालून कृष्णकांतनं खिशात ठेवला आणि जेवणाच्या सुटीत नदीकडं चालत गेला. ऊन होतं. ओळीत नव्या मातीचा वास होता. तुळजाबाईचा माग पुन्हा उभा राहिला होता. कापलेल्या टोकांना नव्या ताण्याचं सूत एकेक करून पिळून जोडलेलं होतं. जोड पुढं सरकून लुगड्यात आला होता. जांभळ्यात एक आडवी, जाडसर रेघ.

"असं घेईल कोणी?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही घेत. मी नेसन." ती खड्ड्यात पाय सोडून बसली होती. "बसा न भाऊ."

"कोरडं आहे आता?"

"हाय." दोनदा धोटा इकडून तिकडे गेला. "बाबूलाल सांगून राहिला, लोखंडाची पट्टी बसवतेत म्हणे. पक्की."

"हो."

"मंग डफ तिच्यावरच वाजन?"

"तिच्यावरच."

"मास्तरचं कुलूप बी?"

"हो."

धोटा थांबला नाही. ती म्हणाली, "तुम्ही तं रिटायर होसान."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. नव्या नवरीला सासरचं गाव विचारावं, तसं विचारलं होतं. कृष्णकांत उंबऱ्यावर बसला. भिंतीवर पाण्याची ओल कुठवर चढली होती ते अजून दिसत होतं. बसल्या जागी ती त्याच्या डोक्याच्या वर होती.

कचेरीत परतल्यावर त्यानं दाखला टेबलावर पसरला. सहीची जागा रिकामी. कपाटातून नोंदवही काढली, ते पान काढलं. पावसाचा थेंब पडला होता तिथं कागद फुगून खरखरीत झाला होता. त्यानं अकरा दहाच्या ओळीवर बोट ठेवलं. बाहेर बाबूलाल बाकावर बसून डफ उन्हात तापवत होता आणि अधूनमधून काडी मारून बघत होता. कोरड्या हवेत तो फार छान वाजत होता.

कृष्णकांतनं टाक दौतीत बुडवला.

त्या बुधवारी पाणी सर्वांत वर चढलं ते दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. तेव्हा ते लाल रेघेच्या चार बोटं खाली होतं.