थुंकदाणीचा अर्ज

मी एक जुनी पितळी थुंकदाणी आहे, आणि वाइन चाखणाऱ्या आमच्या नाकोबांची नोकरी गेली. नाही, गेली नाही. वाइनरीत सगळे म्हणतात की ते आपणहून विश्रांतीला गेले, तर मीही तेच म्हणते.

मित्रांनो, वाइन चाखणारा ती गिळत नाही. तोंडात घोळवतो, विचार करतो आणि माझ्यात थुंकतो. नाकोबा बावीस वर्षं तीन हातांवरून थुंकले, बाहेर थेंब नाही. इतक्या आदराने माझ्यावर दुसरं कोणी थुंकलेलं नाही.

मग एका हिवाळ्यात त्यांना ताप आला. ताप गेला, जाताना वास आणि चव घेऊन गेला. मला लगेच कळलं, कारण ते चूळ भरायचं पाणीही घोळवून "अंगात जोर आहे" म्हणाले. नोकरी गेली तर वाइनरीमागची राहती खोलीही जाणार होती. म्हणून पिंपं धुणाऱ्या त्यांच्या लेकीने युक्ती काढली. वेगवेगळ्या पिंपांतली वाइन मिसळताना ती आधी हुंगायची. फडकं उजव्या खांद्यावर टाकलं तर आणखी घाला, डाव्या खांद्यावर टाकलं तर बास.

वर्षभर निभलं. मग तीन पिंपांतल्या वाइन मिसळून नवी लाल वाइन जुळवायच्या दिवशी लेकीला पडसं झालं. मालकीणबाई समोर उभ्या, बोलायची सोय नाही. लेक शिंकायची, फडक्याने नाक पुसायची आणि सवयीने ते उजव्या खांद्यावर टाकायची. प्रत्येक शिंकेला नाकोबा तिसऱ्या पिंपातली कडक काळी वाइन ओतत गेले, जी एरवी कोणी पळीभरही घालत नसे. मालकीणबाईंनी चाखली, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "ही वाइन कोणाच्या बापाला भीत नाही."

त्या वाइनला पदक मिळालं. पदक माझ्या कडीला अडकवलं.

पुढच्या वर्षी पाहुण्यांसमोर तीच वाइन पुन्हा जुळवायची होती. लेक ठणठणीत होती, हेच वाईट झालं. काळ्या वाइनची पहिली पळी पडताच तिचं फडकं डाव्या खांद्यावर गेलं. नाकोबा थांबले. मालकीणबाईंना ती चव मिळेना. त्यांना संशय होताच. नाकोबांची पाठ वळताच त्यांनी रिकामा पेला माझ्यात बुडवला आणि भरून त्यांच्या हाती दिला. लेकीने फडकं डाव्या खांद्यावर टाकलं, मग तोंडावर धरलं. नाकोबा पाहुण्यांकडे बघत होते.

त्यांनी घोळवलं, विचार केला, थुंकले. "हीच ती," म्हणाले.

कोणी हसलं नाही. सगळ्यांनी माझ्यात डोकावून पाहिलं. मग नाकोबांनीही पाहिलं.

खोली रिकामी करायच्या दिवशी ते चाखायच्या दालनात आले. त्या पदकवाल्या वाइनचा पेला काठोकाठ भरला, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा वाइन गिळली. मी तोंड वासून बसले होते. माझ्या वाट्याला थेंबही आला नाही.

लेकीने विचारलं, "कशी आहे, बाबा?"

"लाल आहे," ते म्हणाले.

आता माझ्यात पाहुण्यांच्या ओल्या छत्र्या ठेवतात. तरी संबंधित खात्यास नम्र विनंती, की तापाने नेलेली एक चव, वापरलेली पण सुस्थितीतील, शोधून मूळ मालकास घरपोच द्यावी, पोच माझ्या नावे पाठवावी, आणि तोपर्यंत अर्जदार थुंकदाणीस छत्र्यांच्या कामातून मुक्त करून नाकोबांच्या नव्या पत्त्यावर रुजू होण्याची परवानगी मिळावी. तो पत्ता कोणी लिहून घेतलेला नाही. तोही शोधावा.