साळुंकीचं घड्याळ

"मावशी, रोज पहाटे फोन करून उठवशील मला?"

साळुंकी फाटकाबाहेरच उभी होती. आत यायचं तर आता तिला पाहुण्यांच्या वहीत सही करावी लागली असती. आमच्या मुलींच्या बालगृहात ती सात वर्षांची असताना आली आणि अठरा पूर्ण झाल्यावर नियमाप्रमाणे बाहेर पडली. त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. तोंडाची टकळी अखंड चालू, म्हणून साळुंकी हे नाव मीच ठेवलेलं. आज मात्र तिची मान खाली होती.

"का गं, काय झालं?"

"बेकरीत साडेपाचला हजर व्हायचं असतं. दोनदा उशीर झाला. मालक म्हणाले, आता पुन्हा झाला तर येऊच नकोस. आणि काम गेलं की खोलीपण जाणार."

"मग लवकर झोपत जा."

"नऊलाच झोपते गं. मोबाइलचा गजर होतो, मी झोपेतच बंद करते. मला कळतसुद्धा नाही. तू अंगठा ओढशील म्हणून वाट बघत पडून राहते बहुतेक."

मला हसू आलं. त्या हसण्याची आजही लाज वाटते.

बावीस वर्षं मी मुलींना पायाचा अंगठा ओढून उठवत आले. एकही मुलगी कधी शाळेला उशिरा गेली नाही. तपासणीला कुणी आलं की अधीक्षिकाबाई म्हणायच्या, "आमच्या मावशी म्हणजे चालतंबोलतं घड्याळ." मग दिवसभर माझे पाय जमिनीवर नसायचे.

साळुंकी सोळाची असताना तिला धावण्याच्या शर्यतीत गजराचं घड्याळ मिळालं होतं. दुसऱ्याच दिवशी पहाटे पाचला ते कोकललं. बाराच्या बारा खाटा जाग्या झाल्या, धाकट्यांनी भोकाड पसरलं. मी घड्याळ काढून घेतलं.

"मी काय मेलेय, तुला उठवायला?"

"पण ते माझं आहे ना?"

"जाताना ने."

ती गेली तेव्हा चादरी, बादली, दाखल्यांची फाइल, सगळं मी तपासून तिच्या हातात दिलं. घड्याळ तेवढं विसरले.

आता ती फाटकाच्या गजांना धरून उभी होती आणि मी म्हणाले, "बाहेर गेलेल्या मुलींना सहा महिने फोन करायचा नाही, बाईंचा नियम आहे. आणि किती दिवस उठवायचं तुला? आपलं आपण बघायला शीक आता."

"एकच महिना, मावशी. तोवर सवय होईल."

"नाही म्हणजे नाही."

नियम होता, खोटं कशाला बोलू? पण असले छप्पन्न नियम मी आजवर मोडले होते. हाच तेवढा पाळला, कारण मला वाटलं, लाड पुरे झाले, पोर घट्ट व्हायला हवी. अकरा वर्षं जिला एक दिवस आपलं आपण उठू दिलं नाही, तिने तीन आठवड्यांत शहाणं व्हावं असं माझं म्हणणं होतं.

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

नवव्या दिवशी बटणं शोधायला कपाट उघडलं, तर मागच्या कोपऱ्यात घड्याळ. त्यावर चिठ्ठी, तिच्याच अक्षरात: 'माझं आहे. जाताना द्यायचं.' तशीच चपला घालून तिच्या खोलीवर गेले. दाराला कुलूप होतं. शेजारची बाई कपडे वाळत घालत होती.

"ती पोरगी होय? काम सुटलं तिचं. परवाच सामान घेऊन गेली."

"कुठे गेली?"

"काही बोलली नाही हो. एरवीसुद्धा कुठे बोलायची? मुकीच होती ती."

साळुंकी आणि मुकी! मी तिथेच पायरीवर बसले. तिचा फोन बंद लागत होता, अजूनही बंदच लागतो. बाईंनी पोलिसांत कळवलं, मी तीन-चार ओळखीच्या ठिकाणी चौकशी केली. पत्ता नाही.

चौदा वर्षांवरच्या मुलींना आता मी उठवत नाही. प्रत्येकीच्या उशाशी घड्याळ आहे. पहाटे नुसता गोंधळ असतो, दोघी-तिघी शाळेला उशिरा पोचतात, बाई माझ्यावर चिडतात. चिडू देत.

साळुंकीचं घड्याळ माझ्या खोलीत आहे. रोज पाचला वाजतं. मी त्याआधीच जागी असते, पण हात लावत नाही. थांबेपर्यंत वाजू देते.