हॅलोरन थिएटरच्या दारातला निळा कठडा

मी एक जुना लाकडी कठडा आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मला कुणाची कीव नको. माझा निळा रंग उडाला आहे. एक पाय चिरला आहे. पाठीवर काळ्या शाईचे इतके डाग आहेत की नवखा माणूस मला हात लावायला कचरतो. आपली कहाणी सांगणारे बहुतेक जुने जिन्नस शेवटी डोळ्यांत पाणी आणतात. मी आणणार नाही. मला थोडं भांडायचं आहे.

माझा जन्म न्यूयॉर्क शहराच्या सुतारखात्यात झाला. पाइनची एक लांब फळी, दोन टोकांना तिरके पाय, अंगावर निळा रंग आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत हुकूम: 'पोलिसांची हद्द. ओलांडू नका.' लहानपणी मी मिरवणुका अडवल्या, पुढाऱ्यांच्या गाड्यांसाठी रस्ते मोकळे केले. मग एका वर्षी कुणा सिनेनटाला बघायला ब्रॉडवेवर झुंबड उडाली, म्हणून मला हॅलोरन थिएटरच्या मागल्या दारापुढे आणून टाकलं. नट-नट्या ज्या दाराने आत-बाहेर करतात ते हे दार. झुंबड ओसरली, पण मला परत न्यायला ट्रक काही आला नाही. मीही कुणाला आठवण करून दिली नाही. मला तिथे आवडलं होतं.

खरं सांगायचं तर मी आजवर एकही नाटक पाहिलेलं नाही. तरीही ब्रॉडवेवरच्या प्रत्येक नाटकाबद्दल माझं मत पक्कं आहे, आणि त्या गल्लीत तसा मी एकटा नव्हतो. खेळ सुटला की चाहते माझ्या पाठीवर कोपरं टेकून उभे राहायचे. नट बाहेर येईपर्यंत त्यांच्या तोंडाला विसावा नसे. अमुक भूमिका अमक्याला का दिली, तमकीचा आवाज गेल्या वर्षीच बसला होता, या आठवड्याचा गल्ला किती, टोनी पारितोषिक कुणाला मिळणार आणि खरं म्हणजे कुणाला मिळायला हवा होता. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. नट आला की कार्यक्रमपत्रिका माझ्या पाठीवर ठेवून सही घ्यायची. माझे डाग त्या सह्यांचे आहेत. ते पुसायला कुणी आलं असतं तर मी त्याच्या बोटात कुसळ घुसवलं असतं.

त्या चाहत्यांत दोन माणसं कायमची होती. एक रोझलिंड फेफर, क्वीन्समधल्या शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. दर बुधवारी दुपारचा खेळ त्या बघायच्याच, मग नाटक कुठलंही असो. दुसरा डेस्मंड लाफ्लर, ब्रुकलिनच्या टपालखात्यातला. मूळचा त्रिनिदादचा. सगळ्या नाटकांचे गल्ल्याचे आकडे त्याला तोंडपाठ असायचे. दोघांचं कधी एकमत झालेलं मी ऐकलं नाही, आणि एकमेकांवाचून दोघांचं पानही हलत नसे.

मी सांगतो ती गोष्ट 'खारी गल्ली' नावाच्या संगीत नाटकाची. नाटक चांगलं होतं, असं रोझलिंडबाई म्हणायच्या. फलकावर नाटकाच्या नावाच्याही वर मोठ्या अक्षरांत लिव्हिया स्टॅनहोप हे नाव होतं, कारण ती सिनेमातली होती. आमच्या गल्लीत एक रीत आहे. ज्याचं नाव नाटकाच्या नावाच्या वर, तो रंगमंचावर आला नाही तर तिकीट परत करून पैसे मागता येतात. नाव खाली असेल तर नट मेला तरी मागता येत नाहीत.

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी लिव्हियाबाईंनी नव्या सिनेमासाठी नाटक सोडलं. फलक अजून बदलला नव्हता. कार्यक्रमपत्रिकेत एक पांढरी चिठ्ठी घातली गेली: आज ही भूमिका थिया बोर्डेलॉन करतील. थिया त्यांची बदली नटी. ती महिनोन्‌महिने पडद्याआड बसून तयार राहिली होती आणि तिला एकदाही रंगमंचावर पाय ठेवायला मिळाला नव्हता. चिठ्ठी हातात पडताच लोक तिकीट खिडकीकडे वळले आणि परत करणाऱ्यांची रांग थेट माझ्यापर्यंत आली.

रोझलिंडबाई रांगेच्या कडेने चालत एकेकाला सुनावत होत्या.

"काय हो, नाटक बघायला आला होतात की फोटो?"

"बाई, आम्ही ओहायोहून आलोय," एक गृहस्थ म्हणाले. "घरी जाऊन काय सांगू, कुणाला पाहिलं म्हणून?"

"सांगा की, जिने नाटक वाचवलं तिला पाहिलं."

गृहस्थांनी पैसे घेतले आणि ते जेवायला गेले. डेस्मंड माझ्यावर रेलून हे बघत होता.

"बाई, कशाला घसा कोरडा करताय? स्टॅनहोप होती तेव्हाच गल्ला घसरत होता. मागच्या आठवड्यात फुकट पास वाटून खुर्च्या भरल्या होत्या. आकडा खोटं बोलत नाही."

"डेस्मंड, मी चाळीस वर्षं आकडे शिकवलेत. त्यांच्याइतकं खोटं कुणीच बोलत नाही. मुकाट्याने आत चल."

खेळ झाला. पाचच्या सुमारास नेहमीची मंडळी माझ्यापाशी जमली. तेवढ्यात मागल्या दारातून एक बाई बाहेर आली. अंगात तपकिरी कोट, डोक्यावर लोकरीची टोपी, तोंड स्वच्छ धुतलेलं. ती माझ्याजवळ येऊन जरा थांबली. ती कुठून आली ते न पाहताच रोझलिंडबाईंनी तिच्याकडे ओझरतं बघितलं.

"अगं पोरी, पुढे घुसू नकोस. रांग त्या टोकाला आहे. आम्ही सगळे थिया बोर्डेलॉनची वाट बघतोय."

मित्रांनो, काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. दुपारभर जिच्यासाठी बाई भांडल्या, ती समोर उभी होती. पण बदली नटीचा फोटो दारावर लावायची पद्धतच नाही. रंगमंचावर तिला लाल केसांचा टोप असतो. टोप काढला की तिला कुणी ओळखावं तरी कशाने? मी ओळखलं होतं, कारण रोज सकाळी आत जाताना ती माझ्यावर हात ठेवून बुटातला खडा काढायची. मला बोलता येत नाही. त्या दिवशी त्याचा मला फार राग आला.

थिया मुकाट्याने टोकाला जाऊन रांगेत उभी राहिली. कदाचित तिला स्वतःबद्दल ऐकायचं असेल. तसं ऐकायला कुणाला नको असतं?

"कशी वाटली?" डेस्मंडने विचारलं.

"आवाज लिव्हियाच्या दुप्पट," बाई म्हणाल्या. "पण वापरते निम्मा. लिव्हियाला वरचा सूर झेपत नव्हता म्हणून तिच्यासाठी शेवटचं गाणं खाली उतरवलं होतं. ही बया पण तसंच खालून गाते. तीच थांबण्याची जागा, तोच हात छातीवर. दुसऱ्याचं पातेलं घासून परत द्यायचं असल्यासारखं गाते. जरा स्वतःसारखं गायली असती तर छप्पर उडालं असतं."

"म्हणजे आवडली नाही?"

"आवडली म्हणून तर राग आलाय ना. नावडती असती तर मी आत्ता घरी जाऊन सूप पीत बसले असते."

एवढ्यात निर्माते ऑर्लिन व्हॉस दारात आले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि टोकाला नजर जाताच त्यांचा आवाज चढला.

"थिया, तू तिथे काय करतेयस? बरं झालं सापडलीस. दुपारची निम्मी तिकिटं परत आली. रविवारपर्यंत बघतो. रविवारीही हेच झालं तर सोमवारी नाटक बंद झाल्याची नोटीस लावावी लागेल. तुझ्यासाठी मला वाईट वाटतं, पण पदरचे घालून मी किती दिवस चालवणार?"

ते आत गेले. रोझलिंडबाई कानापर्यंत लाल झाल्या होत्या. त्यांनी थियाकडे वळून बघितलं.

"मी माफी मागते, तुला ओळखलं नाही त्याची," त्या म्हणाल्या. "बोलले त्याची नाही."

"नका मागू," थिया म्हणाली. "तुमचं खरंच आहे, बाई. इतके महिने आतून तिचंच गाणं ऐकलं, तेच तोंडात बसलं. वाटलं, लोकांनी तिच्यासाठी पैसे मोजलेत, निदान तिच्यासारखं तरी द्यावं."

"तिच्यासारखी तीसुद्धा नव्हती. रविवारी ये वेळेवर. बाकीचं काम आमच्याकडे."

"आमच्याकडे म्हणजे कुणाकडे?" डेस्मंडने विचारलं.

"तुझ्याकडे आणि माझ्याकडे. टपालखात्यात माणसं किती आहेत?"

पुढचे दिवस बाई माझ्यापाशी फिरकल्या नाहीत. नंतर कळलं की त्या फोनला चिकटून बसल्या होत्या. जुने विद्यार्थी, त्यांचे आईबाप, इंटरनेटवर नाटकांच्या गप्पा मारणारे, एकमेकांना शिव्या देणारे, कुणालाही सोडलं नाही. निरोप एकच: रविवारी दुपारी हॅलोरनवर या, कोणी तिकीट परत केलं की ते तुम्ही घ्या.

रविवारी बारा वाजता त्या आल्या आणि त्यांनी सरळ मलाच हात घातला.

"डेस्मंड, ते टोक धर. याला खिडकीपुढे न्यायचाय."

"बाई, हा पोलिसांचा आहे. हलवायला परवानगी लागते."

"लागू दे."

आयुष्यभर मी माणसांना अडवलं, पण मला उचलून नेण्याची छाती कुणी केली नव्हती. त्यांनी मला तिकीट खिडकीसमोर उभं रोवलं. माझ्या डाव्या हाताला परत करणाऱ्यांची रांग लागली. उजव्या हाताला आधी चार टाळकी होती. डेस्मंडने आकडा मनातल्या मनात मांडला आणि तोंड वाकडं केलं. मग भुयारी गाडीच्या जिन्यावरून टपालखात्याची माणसं आली, बायकापोरांसकट. मग बाईंचे विद्यार्थी आले, त्यांतले काही टक्कल पडलेले. मग ते इंटरनेटवाले आले, तोंडओळख नसल्यामुळे एकमेकांच्या शेजारीच गुण्यागोविंदाने उभे राहिले. डावीकडचा माणूस खिडकीत तिकीट टाकायचा आणि उजवीकडचा ते तिथल्या तिथे विकत घ्यायचा. खिडकीतल्या बाईला मान वर करायला फुरसत नव्हती.

उजवीकडचा रेटा वाढला तसा माझा एक पाय कडाडला. मी पडलो नाही. तुम्हाला वाटेल, लाकूड मजबूत असेल. लाकूड साधंच होतं.

थिया आली तेव्हा रांगा कोपऱ्यापलीकडे गेल्या होत्या. ती दुरूनच थबकली. तिला वाटलं, सगळेच परत करतायत. तिचा चेहरा उतरला, तरी ती सरळ चालत बाईंपाशी आली.

"एवढे सगळे?" तिने विचारलं.

"कठड्याच्या पलीकडे आहेत ते देणारे," बाई म्हणाल्या. "अलीकडे आहेत ते घेणारे. मोजून बघ, कुठली रांग लांब आहे ते."

थियाने मोजलं नाही. तिला उजवीकडच्या रांगेचं शेवटचं टोक दिसलंच नसावं. ती एकदम रडायला लागली आणि डेस्मंड घाईघाईने आपला रुमाल शोधू लागला.

"शेवटचं गाणं," ती डोळे पुसत म्हणाली, "वरून घेऊ? वादकांना आत्ताच सांगावं लागेल. आणि फसलं तर एवढ्या लोकांदेखत फसेल."

"मला काय विचारतेस? मी तिकीट घेतलंय, नाटक तुझं आहे."

ती आत गेली. रस्त्यावर मी एकटा उरलो. ऑक्टोबर असला तरी त्या दिवशी उकाडा होता, म्हणून रखवालदाराने मागलं दार उघडं टाकलं होतं. खेळाच्या शेवटी त्या दारातून एक सूर बाहेर आला. तो लिव्हियाबाईंचा नव्हता, एवढं मला नाटक न बघताही कळलं. समोरच्या फुटपाथवरचा पिठाची कडबोळी विकणारा गाडीवाला हातातला चिमटा तसाच धरून उभा राहिला. मग टाळ्या इतका वेळ चालल्या की त्याची कडबोळी करपली.

सोमवारी नोटीस लागली नाही. नाटक पुढचा सगळा हिवाळा चाललं. वसंतात बक्षिसांचा मोसम आला तेव्हा डेस्मंड म्हणाला, "बाई, मधेच बदली आलेल्या नटीला टोनीचं नामांकन मिळत नाही. नियम आहे." बाई म्हणाल्या, "मग वाईट टोनीला वाटलं पाहिजे." यावरही दोघांचं एकमत झालं नाही.

त्यानंतर शहराने पोलादी कठडे आणले. ते चकचकीत आहेत, त्यांची घडी होते, त्यांची कुसळं बोटात घुसत नाहीत. मला कचऱ्याच्या डब्याजवळ भिंतीला टेकवून ठेवलंय. रंग लावा, पाय दुरुस्त करा असं मी म्हणणार नाही. ट्रक येईल तेव्हा येईल. त्याने आधीही पुष्कळ उशीर केलेला आहे, आणि या वेळी मी स्वतःहून इंचभरही सरकणार नाही.

पण मित्रांनो, एक सांगून ठेवतो. तुम्ही कधीतरी नाटकाला जाल. खुर्चीत बसाल आणि हातातल्या पत्रिकेतून एक पांढरी चिठ्ठी खाली पडेल. तिच्यावर तुम्ही कधीच न ऐकलेलं नाव असेल. तेव्हा ताबडतोब उठू नका. ते नाव एकदा नीट वाचा, कारण ते तिथे छापून यावं म्हणून कुणीतरी फार दिवस अंधारात उभं राहिलेलं असतं. आणि उठायचंच असेल तर खुशाल उठा. डावीकडून जा. उजवीकडे तुमच्या खुर्चीसाठी माणसं थांबली आहेत.