तेवीस दिवसांच्या पंतप्रधानाची शाल

शनिवार, १३ सप्टेंबर २०१४. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आयर्लंडमधल्या ओंगारच्या सभागृहात मला तोमास व्हेरिन या माजी पंतप्रधानाच्या खांद्यांवर घालण्यात आले. टाळ्या झाल्या. फोटो निघाला.

मित्रांनो, मी सत्काराची एक जुनी शाल आहे. लुधियानाच्या यंत्रमागावर जन्मले, पुण्यात डझनाच्या गठ्ठ्यात विकली गेले आणि मराठी मंडळाचा अध्यक्ष गिरीश याच्या बॅगेतून आयर्लंडला आले. सत्कारमूर्ती मला बहुधा खुर्चीवरच विसरत. मग इस्त्री होऊन मी पुढच्या पाहुण्याला मिळे. तबलजी, डॉक्टर, एक निवृत्त पोस्टमन. त्यांच्या खांद्यांवर मी सुखात होते.

व्हेरिनने बासुंदीची बोटे माझ्या काठाला पुसली आणि मला खुर्चीवर टाकले. तो डाग अजून आहे.

त्याचा परिचय गिरीशने व्हिजिटिंग कार्डावरून लिहिला होता : ‘युद्धकाळात देशाचे नेतृत्व.’ बॉल्सब्रिजच्या श्रीमंत वस्तीत येऊन राहिलेला, परदेशाचा माजी पंतप्रधान प्रमुख पाहुणा म्हणून मिळतोय, यावरच कमिटी खूश होती. किती दिवस नेतृत्व केले, काय केले, हे कोणी विचारले नाही.

ते पुढे कळले, कमिटीतल्या डॉ. स्नेहलताच्या हॉस्पिटलमधल्या इल्का नावाच्या नर्सकडून. इल्का व्हेरिनच्याच देशाची. युद्ध पेटले, पंतप्रधान पळाला आणि जकातमंत्री व्हेरिनला खुर्ची मिळाली. तेवीस दिवस. नवव्या दिवशी त्याने सीमेवरचा पूल बंद करवला. आठ वर्षांची इल्का पलीकडे पोचली होती, आई अलीकडे राहिली. तिथेच तोफगोळ्याने मेली. तेविसाव्या दिवशी तोच पूल व्हेरिनच्या मोटारीसाठी उघडला.

आता, २०१९मध्ये, त्या देशात पुलाच्या प्रकरणाची चौकशी बसली आहे. व्हेरिनच्या वकिलाने बचावाच्या कागदांना त्या सत्कारातला माझा फोटो जोडला आहे : ‘भारतीय समाजाकडून गौरव.’ इल्काने मंडळाकडे एकच पत्र मागितले : सत्कार मागे घेतला. मुदत शुक्रवार, १५ मार्च.

काल, गुरुवारी, गिरीशच्या घरी बैठक झाली.

“अगं, सत्कार मागे घ्यायची पद्धतच नाही आपल्यात,” गिरीश म्हणाला.

“आणि कार्ड बघून करायची आहे?” स्नेहलता म्हणाली.

“म्हातारा नव्वदीचा झाला. लोक मंडळाला हसतील, यार.”

“हसू देत. त्यानं हात पुसले, आणि तू तीच शाल इस्त्री करून ठेवलीस. कमाल आहे तुझी!”

गिरीशने मला कपाटातून काढले, डाग पाहिला.

मित्रांनो, मला डांबराच्या गोळ्यांत जपू नका. कोणाच्या खांद्यावर घालताय, तेवढे आधी विचारा. मला पाय नाहीत, मी उतरू शकत नाही.

आज शुक्रवार, दुपारचे सव्वाचार. पाच वाजता मुदत संपते. पत्र टाइप होऊन टेबलावर आहे, शेजारी मी. इल्काचा तिसऱ्यांदा फोन आला आहे. गिरीशने पेनाचे टोपण काढले आहे. सही झालेली नाही.